शुभवर्तमाने इतिहासाच्या कसोटीवर

बायबलमधील हकीकत खरी मानावी काय, हा प्रश्न ख्रिस्ती घरातून आलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयात कधी ना कधी विचारला जातोच. विचारणाऱ्यांचे साधारणपणे दोन पक्ष असतात. धर्मग्रंथ म्हटला की तो कल्पितच असायचा, त्यात इतिहास कुठला शोधता, असे एक पक्ष म्हणतो. धर्मग्रंथाची चिकित्सा करणे हेच मुळी पाप, ज्याचा त्याला खरा, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही उत्तरे सोयीची आहेत, कारण दोन्हीत वाचण्याचे आणि विचार करण्याचे श्रम वाचतात. परंतु मी इतिहास हा विषय घेऊन पदवीचा अभ्यास करीत आहे आणि दर रविवारी उपासनेलाही जातो. वर्गात जी कसोटी अशोकाच्या शिलालेखाला लावायची ती आपल्या घरच्या ग्रंथाला लावायची नाही, हा दुटप्पीपणा मला करता येणार नाही. म्हणून हा प्रश्न माझ्यापुरता परीक्षेतील पाच गुणांचा नाही. त्याच्या उत्तरावर माझे बरेच काही अवलंबून आहे. या लेखात मी वाचलेले आणि मला पटलेले वाचक मित्रांपुढे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्न नवा नाही

मराठी मुलखात या विषयाची चर्चा सुमारे दोनशे वर्षे चालू आहे. १८३१ साली मुंबईत रेव्हरंड जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद झाला आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी अनेक आठवडे वाद केला आणि तो ऐकण्यास मोठा समुदाय जमत असे. बाबा पदमनजी यांनी तर वर्षानुवर्षे विचार करून १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आपल्या मनाचा प्रवास लिहून ठेवला.

हे सारे वाद गाजले खरे. परंतु आज आपल्या हाती असलेली कितीतरी साधने त्या वेळी कोणाजवळच नव्हती. इजिप्तच्या वाळूत सापडलेले पपायरसचे तुकडे, मृत समुद्राकाठच्या गुहांतील गुंडाळ्या, पिलाताच्या नावाचा शिलालेख यांपैकी काहीही विल्सनसाहेबांना किंवा मोरभटांना ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यामुळे त्यांचीच वाक्ये आज पुन्हा उगाळण्यात अर्थ नाही. नव्या साधनांच्या उजेडात प्रश्न नव्याने तपासला पाहिजे.

वाशीमचा ताम्रपट काय शिकवतो?

साधनांचे मोल कसे ठरते हे समजण्यासाठी आपल्याला लांब जाण्याची गरज नाही. आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. १९३९ साली येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात असून बाकीचा दानाचा भाग प्राकृतात आहे. राजाच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी, खुद्द वत्सगुल्माहून तो दिला गेला. तोपर्यंत वाकाटकांची वत्सगुल्म ही स्वतंत्र शाखा होती ही गोष्ट इतिहासकारांना नीटशी कळलेली नव्हती. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात या घराण्याची वंशावळ कोरलेली होती. पण तो लेख झिजलेला, त्यातील नावे धड लागत नव्हती. वाशीमच्या पत्र्यांनी ती लावून दिली.

आता याच घराण्यातील दुसरे उदाहरण घ्या. वत्सगुल्मचा राजा सर्वसेन हा कवी होता. त्याने 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य लिहिले होते. हे काव्य आज उपलब्ध नाही. नंतरच्या ग्रंथकारांनी त्यातील जे उतारे दिले, त्यांवरूनच आपण त्याची कल्पना करतो.

म्हणजे एकाच गावात आपल्याला दोन टोके सापडतात. एकीकडे ताम्रपट आहे. तो मूळचाच आहे, त्याची नक्कल झालेली नाही. दुसरीकडे काव्य आहे, ज्याची एकही पोथी उरली नाही. जगातील बहुतेक प्राचीन ग्रंथ या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. मूळ प्रत गेलेली असते, नकलांच्या नकला उरलेल्या असतात. बायबल त्याच वर्गातले आहे. अशा ग्रंथाविषयी तीन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात. आज आपण वाचतो तोच मजकूर मूळ लेखकाने लिहिला होता काय? त्याने लिहिले ते घडले होते काय? आणि घडले असल्यास त्याचा माझ्याशी संबंध काय? वादविवादात या तिन्ही प्रश्नांची खिचडी होते आणि मग कोणाचेच समाधान होत नाही. म्हणून ते एकेक घेऊ.

पोथी बदलली काय?

'तुमचे बायबल किती वेळा बदलले असेल!' हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. हाताने नकला करताना चुका होतात हे कोणीही मान्य करील. आपल्या ज्ञानेश्वरीचेच पाहा. १२९० साली सिद्ध झालेल्या या ग्रंथात पुढील तीनशे वर्षांत इतके पाठभेद शिरले की १५८४ साली संत एकनाथांना अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत तयार करावी लागली. महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार करण्यासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत विद्वानांच्या पिढ्या खपल्या. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ साली पूर्ण झाले. या दोन्ही उदाहरणांत एक समान तत्त्व आहे. पाठभेद असणे ही अडचण खरी, पण अनेक पोथ्या असणे हाच तिच्यावरील उपाय होय. एकच पोथी असेल तर चूक कळणारच नाही. पन्नास असतील तर एकीची चूक दुसरी दाखवून देते.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतील लहानमोठी हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत. याशिवाय लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक या भाषांतील जुनी भाषांतरे आहेत. यांतील बहुसंख्य हस्तलिखिते मध्ययुगातील आहेत हे सांगितले पाहिजे. केवळ आकड्याने भारून जाण्याचे कारण नाही. परंतु जुनीही आहेत. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात योहानकृत शुभवर्तमानाचा पत्त्याच्या पानाएवढा एक तुकडा आहे. येशूला पिलातापुढे उभे केले त्या प्रसंगाच्या काही ओळी त्यावर आहेत. १९३५ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील मानला गेला. अलीकडे काही विद्वान ही मर्यादा दुसऱ्या शतकाच्या अखेरीपर्यंत किंवा थोडी पुढेही नेतात. तसे मानले तरी मूळ लेखनापासूनचे अंतर शंभर-सव्वाशे वर्षांचेच राहते. संपूर्ण नवा करार असलेली सिनाई पर्वताजवळच्या मठातील पोथी चौथ्या शतकातील आहे. प्राचीन ग्रंथांच्या मानाने हे अंतर फारच थोडे आहे.

आता दुसरी बाजू. या हस्तलिखितांत मिळून काही लाख पाठभेद आहेत. आकडा ऐकून दचकायला होते. परंतु त्यांतील फार मोठा भाग शुद्धलेखनाचा, शब्दांच्या क्रमाचा आणि उघड हस्तदोषांचा आहे. अर्थावर परिणाम करणारे पाठभेद थोडे आहेत, आणि ते लपविलेले नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची सुप्रसिद्ध गोष्ट योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही. मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या जुन्या दोन महत्त्वाच्या पोथ्यांत नाहीत. योहानाच्या पहिल्या पत्रातील त्रैक्याचा स्पष्ट उल्लेख करणारे एक वाक्य तर नंतर घुसडलेले आहे, असे आज जवळजवळ सर्व विद्वान मानतात. नव्या आवृत्त्यांत अशा ठिकाणी कंस घालतात किंवा तळटीप देतात. घरातले बायबल उघडून कोणीही हे पाहू शकेल. मला स्वतःला या तळटीपांचा आधार वाटतो. ज्या ग्रंथाचे अभ्यासक स्वतःच शंकास्थळे छापतात, त्याच्या उरलेल्या मजकुरावर विश्वास ठेवणे सोपे जाते.

जुन्या कराराची गोष्ट अधिकच उद्बोधक आहे. १९४७ पर्यंत हिब्रू भाषेतील संपूर्ण जुन्या कराराची सर्वांत जुनी प्रत इसवी सन १००८ ची होती. त्या सुमारास मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशया संदेष्ट्याचा जवळजवळ संपूर्ण ग्रंथ होता आणि तो ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील ठरला. म्हणजे एका फटक्यात आपण हजार वर्षे मागे गेलो. ताडून पाहता फरक पुष्कळ आढळले, पण ग्रंथ तोच होता. याच गुहांतील इतर काही ग्रंथांचे मात्र एकाहून अधिक पाठ मिळाले. तात्पर्य, पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे देता येते की आज आपण वाचतो तो नवा करार, काही जागा वगळता, मूळ लेखकांनी लिहिलेलाच आहे. जुन्या कराराबाबत हे उत्तर थोडे अधिक सावधपणे द्यावे लागते.

लिहिणारे कोण, आणि केव्हा?

मजकूर मूळचा ठरला म्हणजे तो खरा ठरत नाही. असत्यही शतकानुशतके बिनचूक नकलून ठेवता येते. म्हणून दुसरा प्रश्न.

येशूला सुमारे इसवी सन ३० मध्ये वधस्तंभावर खिळण्यात आले. नव्या करारातील सर्वांत जुने लेखन म्हणजे पौलाची पत्रे. ती ५० ते ६० या दशकातील आहेत. मार्काचे शुभवर्तमान साधारण ७० च्या आसपास, मत्तय व लूक त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत आणि योहान शतकाच्या अखेरीस, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात लेखकाने स्वतःचे नाव घातलेले नाही. ही नावे मंडळीच्या परंपरेने दिली. मध्ये चाळीस वर्षे गेली, मग स्मृतीवर किती विश्वास ठेवायचा?

या ठिकाणी आपल्या विदर्भातील एक ग्रंथ मदतीला येतो. श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे शिष्य रिद्धपूर येथे जमले आणि म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना ते भेटत गेले, विचारत गेले आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेत गेले. त्यातून तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले. पुढे खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी स्मरणावरून ती पुन्हा उभी केली, अशी परंपरा आहे. त्यामुळे निरनिराळे पाठ निर्माण झाले. परंतु एखादी लीळा दोघांनी दोन प्रकारे सांगितली तर महानुभावांनी दोन्ही 'वासना' नोंदवून ठेवल्या, एक दडपून दुसरी ठेवली नाही. आज मराठीचा कोणताही अभ्यासक लीळाचरित्र हे यादवकालीन महाराष्ट्राचे विश्वसनीय चित्र मानतो ते यामुळेच.

शुभवर्तमानांची घडण पुष्कळ अंशी अशीच आहे. आपण आरंभापासून सर्व गोष्टींचा शोध करून, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहीत आहोत, असे लूक सुरुवातीलाच सांगतो. चार शुभवर्तमाने म्हणजे जणू एका चरित्राच्या चार वासनाच आहेत. कबरेकडे पहाटे कोणकोणत्या स्त्रिया गेल्या, तेथे एक दूत दिसला की दोन, याबाबत त्यांत मेळ नाही. दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या लेखकाने चारींचे मिळून एकच सलग शुभवर्तमान तयार केले होते आणि सिरियाच्या मंडळ्यांत ते बराच काळ वाचले जाई. तरीही अखेर मंडळीने चार वेगवेगळी, न जुळणारीच ठेवली. साक्षीदारांनी आधी घोकून ठेवलेली साक्ष अक्षरशः जुळते आणि म्हणूनच वकील तिच्यावर संशय घेतात, हेही येथे आठवावे.

आणखी एक कसोटी आहे. स्वतःच्या पक्षाला अडचणीची ठरेल अशी गोष्ट माणूस सहसा रचून सांगत नाही. शुभवर्तमानांत अशा गोष्टी जागोजाग आहेत. मंडळीचा अग्रणी पेत्र याने ऐनवेळी गुरूला ओळख दाखविली नाही. शिष्य पळून गेले. येशूने स्वतः योहानाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, जणू योहानच थोर. कबर रिकामी असल्याचे प्रथम पाहिले ते स्त्रियांनी, आणि त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रियांच्या साक्षीला पुरुषांच्या साक्षीइतके वजन नव्हते. कथा रचणाऱ्याने ती अधिक सोयीची रचली असती.

स्मरणशक्तीविषयी आपण छापील पुस्तकांच्या काळातील माणसे उगाच शंकेखोर झालो आहोत, असेही मला वाटते. माझ्या आजीला अक्षरओळख बेताचीच. परंतु स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तिला तोंडपाठ आहेत आणि वाचणाऱ्याने एक शब्द गाळला तर ती तेथल्या तेथे टोकते. आपल्याच जिल्ह्यात पोहरादेवीला जा. संत सेवालाल महाराजांच्या आठवणी बंजारा समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भजनांतून जपल्या आहेत. मौखिक परंपरा तपशील हलवते, वाढवते हे खरेच. पण जिथे समुदाय ऐकत असतो तिथे ती मोकाट सुटत नाही.

बाहेरचा पुरावा

घरच्या साक्षीला बाहेरची जोड मिळाली तर बरे. ती थोडी, पण मोलाची आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती लोकांचा तिरस्कारच करतो. दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याने लिहिले आहे की, या पंथाच्या मूळ पुरुषाला तिबिर्य कैसराच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने देहान्त शिक्षा दिली. सुमारे ११२ साली धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी बादशहाला कळवितो की हे लोक ठराविक दिवशी पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. यहुदी इतिहासकार जोसेफस येशूचा दोनदा उल्लेख करतो. त्यातील मोठ्या उताऱ्यात नंतरच्या ख्रिस्ती नकलकारांनी भर घातली आहे हे उघड दिसते. येशूचा भाऊ याकोब याच्या वधासंबंधीचा दुसरा छोटा उल्लेख मात्र बहुतेकांना अस्सल वाटतो.

जमिनीतूनही साक्षी निघाल्या. १९६१ साली कैसरिया येथे पिलाताचे नाव व हुद्दा असलेला दगड सापडला. यरुशलेमेत बेथेसदा तळ्याचे अवशेष मिळाले. दोन हौदांची जोडी आणि मध्ये भिंत अशी त्याची रचना असल्याने योहानाने सांगितलेल्या पाच पडव्यांचा उलगडा होतो. ग्रीसमधील डेल्फी येथील लेखावरून गल्लियो हा सुमारे ५१-५२ साली अखया प्रांताचा अधिकारी होता हे ठरले, आणि त्यामुळे पौलाच्या प्रवासाच्या तारखा लावता आल्या. जुन्या करारातील दावीद राजा काल्पनिक असावा असे काही जण म्हणत. १९९३ साली तेल दान येथे सापडलेल्या शिलालेखात 'दाविदाचे घराणे' असा उल्लेख मिळाला.

अर्थात या पुराव्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. पिलाताचा दगड पिलात होता एवढेच सांगतो. त्याच्यापुढे उभा असलेला कैदी कोण होता, हे तो सांगू शकत नाही.

न सुटलेल्या अडचणी

जो लेखक फक्त अनुकूल पुरावे देतो तो वकिली करतो. म्हणून प्रतिकूल बाजूही सांगतो. लूक म्हणतो की येशूचा जन्म क्विरीनिय सुभेदार असताना झालेल्या नावनिशीच्या वेळी झाला. ही नावनिशी इसवी सन ६ मधील आहे. उलट मत्तयाच्या मते जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला, आणि हेरोद ख्रिस्तपूर्व ४ च्या सुमारास वारला. हा दहा वर्षांचा फरक मिटविण्याचे अनेक प्रयत्न झाले. सर्वमान्य असा एकही नाही. यरीहोचा तट कोसळल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केनयन यांनी तेथे उत्खनन केले तेव्हा यहोशवाच्या मानलेल्या काळात तेथे तटबंदीचे शहर असल्याचा पुरावा मिळाला नाही. इस्राएल लोक इजिप्तमधून बाहेर पडले याची नोंद इजिप्तच्या कोणत्याही लेखात आढळलेली नाही.

या अडचणींना माझ्यापाशी तयार उत्तर नाही. मात्र एक गोष्ट लक्षात येते. बायबल हे एक पुस्तक नसून ते ग्रंथालय आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्याची ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक परंपरेत ७३. त्यांत नियमशास्त्र आहे, काव्य आहे, वंशावळी आहेत, म्हणी आहेत, दृष्टान्तकथा आहेत आणि पत्रेही आहेत. ईयोबाचे काव्य आणि पौलाचे पत्र यांना एकच माप लावणे म्हणजे ताम्रपट आणि 'हरिविजय' यांना एकच माप लावण्यासारखे आहे. म्हणून 'बायबल विश्वसनीय आहे काय?' याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणते पुस्तक, आणि कशाबाबत, हे आधी विचारावे लागते.

इतिहास कोठे थांबतो?

आता मी कठीण जागी येतो. पौलाने करिंथकरांना सुमारे ५४-५५ साली लिहिलेल्या पत्रात, मला जे मिळाले तेच मी तुम्हांस दिले, असे सांगून मेलेला येशू कोणाकोणाला दिसला याची यादी दिली आहे. त्यात पेत्र आहे, याकोब आहे, आणि पाचशेंहून अधिक जण आहेत, ज्यांतील बहुतेक त्या वेळी हयात होते. म्हणजे ही श्रद्धा शेपन्नास वर्षांनी हळूहळू जमलेली दंतकथा नव्हे. ती अगदी आरंभापासून आहे. येशूला खिळले गेले, शिष्य पांगले, आणि थोड्याच काळात तेच शिष्य तो उठला आहे असे जिवावर उदार होऊन सांगू लागले. एवढे इतिहास ठामपणे सांगतो.

तो खरोखर उठला काय? माझ्या एका महानुभाव मित्राने मला या ठिकाणी बरोबर पकडले. तो म्हणाला, "लीळाचरित्रातही चमत्कार आहेत. तेही जवळच्या माणसांनीच सांगितले. तुझे खरे धरायचे आणि आमचे नाही, हा न्याय कुठला?" त्याचा प्रश्न रास्त आहे. साक्ष जुनी आहे एवढ्यानेच चमत्कार सिद्ध होत असेल तर तो दोघांचाही होतो. होत नसेल तर दोघांचाही होत नाही. इतिहासशास्त्राजवळ देव मोजण्याचे साधन नाही. शिष्यांना भास झाला असेल, असे कोणी म्हटल्यास इतिहासकार त्याला खोटे पाडू शकत नाही. आणि ते खरोखर घडले असे कोणी म्हटल्यास त्यालाही खोटे पाडू शकत नाही. इतिहास आपल्याला दारापर्यंत आणून सोडतो. साक्षीदार प्रामाणिक होते, साक्ष जुनी आहे, तिच्यात फेरफार झालेला नाही, एवढे सांगून तो बाजूला होतो. पुढचा निर्णय ज्याचा त्याने करायचा.

श्रद्धेची कारणे

असा निर्णय मराठी माणसांनी कसा केला हे पाहण्यासारखे आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. ते वाचीत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. त्यातील प्रेमाच्या शिकवणीने त्यांना जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंचे कारण वेगळे होते. इंग्लंडमध्ये पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या, आणि शोमरोनी स्त्रीशी येशू ज्या आदराने बोलला ती गोष्ट वाचली. स्त्रीला असे वागविणारा धर्म त्यांना हवा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई टिळकांना तर प्रथम नवऱ्याचे धर्मांतर हे संकटच वाटले. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केला आहे, हे मनाला पटले तेव्हा त्यांचा मार्ग मोकळा झाला, असे 'स्मृतिचित्रे'वरून दिसते.

तिघांपैकी कोणीही हस्तलिखितांचे आकडे मोजून ख्रिस्ती झाले नाही. पण म्हणून हस्तलिखिते निरर्थक ठरत नाहीत. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. साध्या बाईमाणसाला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झाले. श्रद्धा ठेवूनही मूळ शब्द काय आहे हे शोधण्याचे कष्ट त्यांना चुकले नाहीत. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहून तीच वाट पुढे नेली.

येथे हेही सांगितले पाहिजे की प्रामाणिक शोधाचा शेवट एकाच ठिकाणी होतो असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जगातील धर्म अनेक वर्षे तपासले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बुद्धाचा धम्म स्वीकारला. माझ्या वर्गातील कित्येकांच्या घराचा इतिहास त्या दिवसापासून बदलला. त्या निर्णयामागील विचारापुढे मी आदराने उभा राहतो.

मग मी ख्रिस्ती का? माझा जन्म त्या घरात झाला, हे पहिले आणि खरे कारण. पण तेवढ्यावर मला राहता आले नसते. शुभवर्तमानांतील येशू कुष्ठरोग्याला हात लावतो, जकातदाराच्या पंक्तीला बसतो आणि शत्रूसाठी प्रार्थना करीत मरतो. हे चित्र चार जणांनी चार प्रकारे काढले तरी चेहरा एकच दिसतो, आणि तो चेहरा कोणी कल्पनेने घडविला असेल असे मला वाटत नाही. ज्या ठिकाणी ग्रंथाची परीक्षा घेता येते त्या बहुतेक ठिकाणी तो टिकतो. म्हणून ज्या ठिकाणी परीक्षा घेता येत नाही तेथे त्याच्या साक्षीदारांवर विसंबण्यास मी तयार होतो. क्विरीनियाचा आणि यरीहोचा प्रश्न माझ्या वहीत मोकळाच आहे. तो सुटला तर आनंद होईल, न सुटला तरी रविवारी मी उपासनेला जाणार आहे.

वाचक मित्रांना एवढीच विनंती आहे की, कोणाच्याही ग्रंथाविषयी मत देण्यापूर्वी तो एकदा वाचून पाहावा. मार्काचे शुभवर्तमान दोन तासांत वाचून होते. लीळाचरित्राला अधिक वेळ लागतो. माझा महानुभाव मित्र आणि मी येत्या सुट्टीत ग्रंथांची अदलाबदल करणार आहोत. त्याचे पूर्वार्धाचे पुस्तक माझ्याकडे आले आहे, माझा नवा करार मी त्याला दिला आहे, आणि समासात शंका लिहिण्याची मुभा दोघांनाही आहे.